जावाचा ओडीबीसी-पूल : एका तात्पुरत्या सोयीची चिकित्सा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा जावा आणि डेटाबेस यांच्याशी संबंध काय, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जे थोडंफार कळतं ते हात पोळल्यावर कळलेलं आहे, आणि ते ज्या ठिकाणी पोळले त्याविषयीच आज आपण बोलणार आहोत. रागाच्या भरात टीका होऊ नये म्हणून बरीच वर्षं आम्ही या विषयावर तोंड उघडलं नाही. आता उघडायला हरकत नाही.

आधी तो पूल कोणता ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाच मिनिटं कळ काढावी.

डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. अशी कोठारं बनवणाऱ्या कंपन्या अनेक, आणि प्रत्येक कोठाराशी बोलण्याची रीत निराळी. पूर्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती ती रीत शिकून घ्यावी लागे, आणि कोठार बदललं की पुन्हा श्रीगणेशा. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाची व्यवस्था आणली. तिची कल्पना साधी होती. प्रोग्रॅमने एकाच ठरलेल्या रीतीने बोलायचं, आणि प्रत्येक कोठारापाशी एक दुभाष्या बसवायचा. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ही सगळी व्यवस्था सी भाषेच्या वळणाची होती.

पुढे सन मायक्रोसिस्टिम्सची जावा आली. एकदा लिहा, कुठेही चालवा, ही तिची प्रतिज्ञा. यंत्र कोणतंही असो, प्रोग्रॅम तोच. फेब्रुवारी १९९७ मध्ये जेडीके १.१ बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर कोठारांशी बोलायची जावाची स्वतःची रीत आली, जेडीबीसी. (सन कंपनी आग्रहाने सांगत असे की हे नाव म्हणजे कशाचंही लघुरूप नाही, ते नुसतं नाव आहे. लोकांनी अर्थातच त्याचा विस्तार ‘जावा डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ असाच केला. नाव ठेवणाऱ्याच्या हातात नावाचा अर्थ राहत नाही, त्याचं हे एक उदाहरण.)

आता अडचण बघा. जेडीबीसी म्हणजे नुसते नियम. नियम पाळणारे दुभाषे हवेत, आणि नव्या भाषेसाठी ते पहिल्या दिवशी कुठून येणार? ओडीबीसीचे दुभाषे मात्र जवळजवळ प्रत्येक कोठारापाशी आधीच बसलेले होते. म्हणून सनच्या जावासॉफ्ट विभागाने आणि इंटरसॉल्व्ह या कंपनीने मिळून एक पूल बांधला. जावाचा प्रोग्रॅम जेडीबीसीच्या रीतीने बोलेल, पूल ते बोलणं ओडीबीसीच्या रीतीत उलटं-सुलटं करून पलीकडे देईल, तिथला जुना दुभाष्या ते कोठाराला सांगेल, आणि उत्तर त्याच वाटेने परत येईल. पुलाचा अर्धा भाग जावात आणि अर्धा सी भाषेत, त्या त्या यंत्रासाठी वेगळा तयार केलेला. जेडीबीसीच्या ड्रायव्हरांचे पुढे चार प्रकार मोजले जाऊ लागले, त्यांत हा प्रकार पहिला. चौथा प्रकार म्हणजे मध्ये कुणी नाही, अख्खा ड्रायव्हर जावातच लिहिलेला, कोठाराशी थेट त्याच्या भाषेत बोलणारा. दुसरा-तिसरा या दोहोंच्या मधले, त्यांचं आज आपल्याला काम नाही.

हा पूल बांधला नसता तर जेडीबीसी हे काही काळ कागदावरचं शास्त्र राहिलं असतं. त्याचं हे श्रेय आम्ही मनापासून देतो.

आता आक्षेप. पहिला सगळे घेतात तो, पूल मंद होता. एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, इतक्या फेऱ्या म्हटल्यावर वेळ लागणारच. तो आम्हांला महत्त्वाचा वाटत नाही. आमच्या विभागातलं काम कधीच इतक्या घाईचं नव्हतं.

दुसरा आक्षेप नावाविषयीचा आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या जवळचा. पुलावरून जायचं तर प्रोग्रॅममध्ये पत्ता लिहावा लागे. जेडीबीसी, कोलन, ओडीबीसी, कोलन, आणि पुढे एक नाव. समजा ‘कोश’. हे नाव म्हणजे डीएसएन. आता ‘कोश’ म्हणजे कोणती फाइल, कुठल्या ड्राइव्हवरची, कोणत्या दुभाष्यामार्फत उघडायची, यातलं काहीही प्रोग्रॅममध्ये नाही. ते सगळं त्या यंत्राच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कुणीतरी हाताने भरलेलं. नैयायिक म्हणतील, शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो. मान्य. पण इथे संकेत यंत्रागणिक वेगळा. आमच्या टेबलावरच्या यंत्रात ‘कोश’ म्हणजे साडेचार हजार नोंदी, आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्रात ‘कोश’ म्हणजे काहीच नाही. तिथे प्रोग्रॅम चालवला की तो सांगायचा, या नावाचा डेटा सोर्स सापडत नाही. म्हणजे कुठेही चालवा ही प्रतिज्ञा पुलाच्या या टोकालाच संपली. प्रोग्रॅम यंत्रातून मोकळा झाला, पण त्यातला एक शब्द यंत्राला बांधलेला राहिला.

पुढे चौसष्ट बिटांची विंडोज आली तेव्हा तर गंमतच झाली. डीएसएन भरायची सोय दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या फोल्डरांत, आणि दोन्हीकडे फाइलचं नाव एकच, शेवटी बत्तीसचा आकडा असलेलं. ‘सिस्टीम ३२’ या फोल्डरात चौसष्ट बिटांची फाइल, आणि ज्या फोल्डराच्या नावात चौसष्ट आहे त्यात बत्तीस बिटांची. यात थट्टा नाही, खरोखर असंच आहे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून केलेली तडजोड. एका ठिकाणी भरलेलं नाव पुष्कळदा दुसऱ्याला दिसत नसे. नाव आणि वस्तू यांच्या नात्यावर आम्ही तीस वर्षं शिकवलं, पण इतकं चोख उदाहरण हाताशी नव्हतं.

असो. खरा आक्षेप तिसरा. त्यासाठी आमच्या विभागातली हकीकत सांगावी लागेल.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी आयुष्यभर भारतीय दर्शनांतल्या संज्ञांची कार्डं केली. एका कार्डावर एक संज्ञा, तिचं मराठीत दोन-चार ओळींचं विवरण, आणि कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आली त्याची टिपणी. ते गेल्यावर ती खोकी विभागाकडे आली. २००३ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ती ॲक्सेसमध्ये उतरवायला घेतली. विंडोज एक्सपी होती, मंगल फॉन्ट होता, मुलं इनस्क्रिप्ट शिकली. दीड वर्षात काम झालं. खोली रिकामी करायची होती म्हणून खोकी रद्दीत दिली. त्या कागदावरची सही आमचीच.

मग संगणक विभागातल्या एका हुशार मुलाने जावात शोध घेणारा प्रोग्रॅम लिहून दिला, अर्थात पुलावरून. इंग्रजी नोंदी घालून तपासला, उत्तम चालला. मराठी नोंदी पडद्यावर आणल्या तर नुसती प्रश्नचिन्हं. आम्ही सगळे म्हणालो, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. मराठी माणूस त्या काळी संगणकावर काहीही बिघडलं तरी फॉन्टलाच दोष देत असे. ॲक्सेसची खिडकी उघडून पाहिली तर तिथे सगळं देवनागरी जागच्या जागी. म्हणजे माल शाबूत आहे, दिसत तेवढा नाही, असं आम्ही ठरवलं. त्या मुलाला म्हटलं, फॉन्टचं नंतर बघू, आधी सगळ्या नोंदींना अनुक्रमांक टाकून दे. त्याच्या प्रोग्रॅमची रीत अशी, की अख्खी नोंद वाचायची, क्रमांक घालायचा, आणि अख्खी नोंद परत लिहायची. संध्याकाळी तो चालवला. सकाळी ॲक्सेसच्या खिडकीतही प्रश्नचिन्हं.

तीन महिन्यांपूर्वीची एक सीडी होती, तिच्यावरून बहुतेक नोंदी परत मिळाल्या. त्यानंतर भरलेल्या तीनशेच्या आसपास नोंदी गेल्या. हा दोष आम्ही त्या मुलावर टाकत नाही, कुठल्या कंपनीवरही टाकत नाही. प्रत ठेवली नाही आम्ही, कार्डं रद्दीत दिली आम्ही, पडद्यावरची प्रश्नचिन्हं पाहूनही पुढे जा म्हटलं तेही आम्हीच.

पण झालं काय, ते समजून घेणं हे टीकेचं काम आहे. एक साधी खूण सांगतो, ती लक्षात ठेवा. पडद्यावर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला, तर बहुधा अक्षर आत आहे, ते काढून दाखवणारा फॉन्ट नाही. प्रश्नचिन्ह दिसलं, तर बहुधा अक्षर वाटेतच गेलं आहे आणि त्याच्या जागी कुणीतरी दुसरंच चिन्ह ठेवलं आहे. दोन्ही वेळा डोळ्यांना एकच अनुभव येतो, की वाचता येत नाही. पण एक आवरण आहे आणि दुसरा नाश. रज्जू-सर्प शिकवणाऱ्या माणसांना हा फरक कळला नाही, याची लाज आम्हांला आजही वाटते.

आता वाटेत काय झालं? जावा जन्मापासून युनिकोड जाणते. ॲक्सेसही २००० च्या आवृत्तीपासून मजकूर युनिकोडमध्येच साठवतो. ओडीबीसीतसुद्धा ३.५ या आवृत्तीपासून युनिकोडसाठी वेगळी दारं होती. दोन्ही काठ शहाणे. पूल मात्र जुन्या दारानेच ये-जा करायचा. त्या दारावर अक्षरांचा एक तक्ता टांगलेला असे, त्याला कोडपेज म्हणतात. इंग्रजी आणि पश्चिम युरोपातल्या भाषांच्या तक्त्यात २५६ खण. तुमचं अक्षर तक्त्यात असेल तर आत जा. नसेल तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि पुढे चला. हरकत नोंदवायची नाही, चूक कळवायची नाही, गाडी थांबवायची नाही.

आता कुणी म्हणेल, तक्ता बदलायचा होता. रशियन माणसाला ते शक्य होतं. ग्रीक माणसालाही. विंडोजमध्ये त्यांच्या लिप्यांचे तक्ते आहेत. यंत्राची भाषा तशी लावली की त्यांची अक्षरं पुलावरून सुखरूप जाऊ शकत. देवनागरीसाठी असा तक्ता विंडोजने या दारावर कधी टांगलाच नाही. देवनागरी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडच्या रस्त्याने. म्हणजे मराठी मजकुरासाठी या पुलावर योग्य सेटिंग असं काही नव्हतंच. पूल सगळ्यांसाठी खुला आहे असं पाटीवर लिहिलेलं. इंग्रजी, फ्रेंच माणसाला दोष दिसलाच नाही, रशियन माणसाला तो टाळता आला, आणि आमच्यासारख्यांना तो ना दिसला ना टाळता आला.

यातली आणखी एक विचित्र गोष्ट. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट, श्रीलिपीसारखे, कसे चालत? आतून इंग्रजी तक्त्यातलेच खण वापरायचे आणि वर मराठी आकार काढायचे. असा मजकूर या पुलावरून धक्का न लागता जाई. पुलाच्या दृष्टीने ती इंग्रजी तक्त्यातलीच अक्षरं होती ना! आमच्या ओळखीच्या एका ग्रंथपालांनी आपली यादी जुन्याच फॉन्टमध्ये ठेवली होती आणि आम्ही त्यांना मागासलेले म्हणत होतो. त्यांची यादी शाबूत राहिली. प्रमाण पाळणारा बुडाला आणि वेष पालटून गेलेला तरला. म्हणून काही प्रमाण चुकीचं ठरत नाही. पण नवं प्रमाण पाळा असं सांगताना, वाटेवरच्या प्रत्येक दाराने ते पाळलं आहे का हेही बघायला हवं, आणि सांगणारा ते सहसा बघत नाही.

आता पुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर आमची टीका एकांगी होईल. बांधणाऱ्यांनी फसवलं नव्हतं. सनच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं होतं, की हा पूल प्रयोगापुरता किंवा दुसरा काही मार्गच नसेल तेव्हा वापरावा. त्याचं नावसुद्धा तेच सांगत होतं. जावाच्या खुल्या, सर्वांसाठीच्या भागांची नावं ‘जावा’ने सुरू होत. या ड्रायव्हरचं नाव ‘सन’ने सुरू होई, म्हणजे हे घरातलं सामान, याच्यावर विसंबू नका. वाचणाऱ्याला सगळं कळत होतं. आम्ही ते पान अपघातानंतर वाचलं.

आणि आमची तक्रार इथे शिकवणाऱ्यांकडे वळते. आपल्याकडे हजारो मुलं जावातून डेटाबेसशी बोलायला शिकली ती याच पुलावरून. कारण सोपं आहे. प्रयोगशाळेत विंडोज असे, ऑफिसबरोबर ॲक्सेस आलेला असे, पूल जेडीकेबरोबर फुकट मिळे, वेगळं काही आणावं लागत नसे. ‘क्लास डॉट फॉरनेम’ने सुरू होणारी ती ओळ मुलांनी आरतीसारखी पाठ केली. चार प्रकार सांगा, आकृती काढा, हा परीक्षेतला हुकमी प्रश्न. एका विद्यार्थ्याने तर आम्हांला गंभीरपणे सांगितलं होतं, की सर, हा टाइप वन आहे, म्हणजे सगळ्यांत चांगला. पहिला नंबर म्हणजे उत्तम, हे आपल्याकडे शाळेपासून शिकवलेलं. त्याचं काय चुकलं? मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि तिच्यात पूल काढून टाकलेला होता. आणि त्यानंतरही मुलं आमच्याकडे विचारत येत, की सर, पुस्तकातलाच प्रोग्रॅम आहे, पण क्लास सापडत नाही म्हणतो.

मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दृष्टान्त आहे. एक माणूस गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो, पूर ओलांडतो, आणि पलीकडे गेल्यावर उपकाराच्या भावनेने तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागतो. बुद्ध विचारतात, हे योग्य झालं का? हा दृष्टान्त आम्ही या विषयावर बोलताना नेहमी वापरत असू. आमच्या अभ्यासक्रमांनी तराफा डोक्यावर घेतला, असं म्हणत असू. टाळ्याही मिळत. पण अलीकडे त्यात आम्हांलाच खोट दिसू लागली. त्या माणसाचा पाय पलीकडच्या जमिनीला लागला होता. ॲक्सेस वापरणाऱ्याचा कुठे लागला होता? मोठ्या कोठारांसाठी चौथ्या प्रकारचे ड्रायव्हर निघाले, मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरसाठीही दिला. ॲक्सेससाठी मात्र त्यांनी जेडीबीसीचा ड्रायव्हर कधी दिला नाही. ज्याचं सगळं बाड ॲक्सेसच्या फाइलीत आहे त्याला २०१४ साली तराफा टाक असं सांगितलं गेलं, तेव्हा तो मधल्या पाण्यातच होता. त्या कंपन्यांपुरतं बोलायचं तर एकतर त्याने जुनी जावा ७ धरून बसायचं, नाहीतर कोठार बदलायचं. छोट्या संस्थांचं, वाचनालयांचं, पतपेढ्यांचं बाड ॲक्सेसमध्येच असे. तेव्हा पूल काढणंही आम्ही निर्दोष मानत नाही. काढणाऱ्यांची बाजू तर्काने बरोबर होती. पण ज्याला ‘दुसरा मार्ग नसेल तेव्हा वापरा’ असं सांगितलं, त्याला दुसरा मार्ग मिळाला का, एवढं तरी विचारायचं.

मार्ग सापडला, तो त्या कंपन्यांच्या बाहेरच्या लोकांनी काढलेला. यूकॅनॲक्सेस म्हणून एक मुक्त ड्रायव्हर आहे, शुद्ध जावातला. तो कुठल्याही दुभाष्याकडे जातच नाही. जॅकसेस नावाच्या ग्रंथालयाच्या मदतीने ॲक्सेसची फाइल स्वतः उलगडून वाचतो. डीएसएन नको, कंट्रोल पॅनेल नको, आणि मधला तक्ताच नसल्याने देवनागरी जशीच्या तशी येते. आमच्या उरलेल्या नोंदी आता त्याच्यावरूनच वाचल्या जातात.

गेलेल्या तीनशे नोंदींचं काय, असं मागच्या रांगेतून मघाशी कुणीतरी विचारलं. सांगतो, आणि थांबतो.

पुलाने अक्षरं नेली, पण त्यांची संख्या नेली नाही. युनिकोडमधल्या प्रत्येक घटकामागे एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. स्वल्पविराम, मधल्या जागा, कंसातले इंग्रजी आकडे तसेच राहिले. निवृत्तीनंतर आम्ही आणि दोन जुने विद्यार्थी त्या ओळी घेऊन बसलो. एका नोंदीत ही ओळ होती :

?????????, ??????, ????? ??? ????

मोजून बघा. नऊ, सहा, पाच, तीन, चार. नोंद न्यायदर्शनाच्या गटातली आहे एवढं शेजारच्या रकान्यातल्या आकड्यावरून कळत होतं. ‘प्रत्यक्ष’ या शब्दात जोडाक्षरांचे हलन्त धरून नऊ घटक. ‘अनुमान’ सहा, ‘उपमान’ पाच, ‘आणि’ तीन, ‘शब्द’ चार. न्यायाची चार प्रमाणं ओळीने उभी राहिली. त्या दिवशी आम्ही तिघांनी चहा मागवला.

अशा रीतीने बऱ्याच संज्ञा लागल्या, कारण संज्ञा परंपरेच्या असतात, त्या कुठेतरी दुसरीकडेही असतात. विवरणं लागली नाहीत. ती आमच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या मराठीत लिहिलेली होती. त्यांतल्या एका कार्डावर तेरा ओळी आहेत, मध्ये एकदा कंसात ३१ हा आकडा आहे, आणि शेवटी उद्गारचिन्ह. ते कशाबद्दल इतके हरखले होते, ते आम्हांला अजून लागलेलं नाही.